चौकोनी तोंडाची होडी

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मी नातीचा एक फोटो टाकला. लाल शिडाची छोटी होडी, सुकाणूवर नात, पुढे तिचा बाबा अंग चोरून बसलेला. बहुतेकांनी टाळ्या, अंगठे वगैरे पाठवले. आमच्या नाशिकच्या भाऊजींनी मात्र लिहिलं, "पोरगी गोड आहे, पण वहिनी, हे तोंड कापलेलं खोकं कुठून आणलंत? आमचे पुतणे इंग्लंडात एवढं कमावतात, एखादी धड होडी घ्यायला सांगा की!"

भाऊजी थट्टा करतात हे मला चाळीस वर्षं ठाऊक आहे. त्याचं काही नाही. पण जवळजवळ हेच वाक्य, इंग्रजीत, तिथल्या क्लबातल्या एका गृहस्थांनीही आम्हाला ऐकवलं होतं. "मुलीला खरंच शिकवायचं असेल तर फायबरची नवी घ्या, हे लाकडी खोकं जाळा शेकोटीला." तेव्हा मी गप्प बसले, कारण माझं इंग्रजी वादाच्या वेळी नेमकं दगा देतं. मराठीत ती अडचण नाही. म्हणून हे टिपण. भाऊजी, तुम्ही निमित्त आहात, रागावू नका.

आधी होडीची ओळख करून देते. हिचं नाव मिरर. लांबी ३.३० मीटर, म्हणजे आपल्या हिशोबात अकरा फुटांना दोन इंच कमी. रुंदी साधारण साडेचार फूट. नुसतं धड ४५ किलोच्या आसपास, दोन माणसं उचलून गाडीच्या टपावर ठेवतात. मधोमध एक खाच, तिच्यातून खाली सरकवायची फळी, म्हणजे होडी वाऱ्याने आडवी घसरत नाही. मागे सुकाणू. दोन शिडं, एक मोठं, एक लहान. आणि पुढचं तोंड टोकदार नाही, चांगलं वीतभर रुंद, सपाट. भाऊजींना जे खटकलं ते हेच.

या होडीची जन्मकथा मला फार आवडते. डेली मिरर हे तिकडच्या कामगारवर्गात घरोघरी जाणारं वर्तमानपत्र. त्याच्या पाठिंब्याने १९६२ साली दोन माणसांनी मिळून ही होडी काढली. एक जॅक होल्ट. लहान शिडाच्या होड्यांचा नामांकित रचनाकार. युद्ध संपल्यावर १९४७ मध्ये त्याने मुलांसाठी कॅडेट नावाची होडी काढली होती, १९५६ मध्ये एंटरप्राइज. दुसरा बॅरी बकनेल. हा होड्यांचा माणूसच नव्हे. हा टीव्हीवर लोकांना घरच्या घरी सुतारकाम शिकवायचा, दार कसं बसवावं, फडताळ कसं करावं, असलं. १९६३ च्या जानेवारीत लंडनच्या बोट शोमध्ये मिरर लोकांपुढे आली. सुट्या भागांच्या संचाची किंमत ६३ पौंड ११ शिलिंग. शिडं लाल, कारण वर्तमानपत्राच्या मथळ्याचा रंग लाल. पुढे अशा सत्तर हजारांवर होड्या झाल्या, आणि त्यातल्या कितीतरी गॅरेजमध्ये, परसात, घरच्या माणसांनी बांधल्या.

आता मुद्द्यावर येते. ही जोडी कामाला लागली तेव्हा त्यांच्यापुढचा प्रश्न "सगळ्यात वेगवान होडी कोणती" हा नव्हता. प्रश्न असा होता की ज्याने आयुष्यात होडी बांधलेली नाही, ज्याच्याकडे करवत, हातोडी, ड्रिल एवढीच हत्यारं आहेत आणि शनिवार-रविवार एवढाच वेळ आहे, अशा माणसाला स्वतःच्या हाताने कोणती होडी बांधता येईल? तिच्यातली एकेक गोष्ट या प्रश्नाचं उत्तर म्हणून आली आहे. ते न बघता तिला खोकं म्हणणं म्हणजे विद्यार्थ्याचं उत्तर न वाचता अक्षरावरून मार्क देणं. ते मी शाळेत कुणाला करू दिलं नाही, इथेही करू देणार नाही.

तोंडापासूनच सुरू करू. एक पोस्टकार्ड हातात घ्या. ते एका दिशेने छान वाकतं. पण त्याची वाटी करायला जा, सुरकुती पडते. प्लायवुडचंही तसंच. ते एकाच दिशेला खुशीने वाकतं. होडीचं नाक निमुळतं करायचं तर दोन्ही बाजूंचे तक्ते पिळून एका काठावर आणावे लागतात, आणि तो सांधा नवशिक्याच्या हातून बिघडण्याची खात्रीच. शिवाय अकरा फुटांच्या होडीत नाकासाठी दीड-दोन फूट गेले तर माणसांनी बसायचं कुठे? होल्टने नाकाच्या जागी एक सपाट तक्ता लावला. तक्त्यांचा पीळ कमी झाला, सांधा सोपा झाला, पुढे जागा मिळाली, आणि पुढच्या भागाला पाण्यावर तोलून धरणारा फुगीरपणाही मिळाला. लहान मूल पुढे जाऊन उभं राहिलं तरी होडी नाक खुपसत नाही.

असाच विचार अटलांटिकच्या पलीकडे आधीच झाला होता. फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर गावी १९४७ मध्ये क्लार्क मिल्स या होड्या बांधणाऱ्याला तिथल्या ऑप्टिमिस्ट क्लबासाठी मुलांची होडी करायची होती, बापलेकांना मिळून बांधता येईल अशी, पन्नास डॉलरांच्या आत. प्लायवुडचा तक्ता तेव्हाही आठ फूट बाय चार फूटच मिळायचा. दोन तक्त्यांत होडी बसवायची म्हटल्यावर टोकदार नाकाला जागाच उरली नाही. तीच ऑप्टिमिस्ट होडी आज जगभर पोरं चालवतात. आपल्या मुंबईत आणि हैदराबादच्या हुसेनसागरावरही. ऑलिंपिकपर्यंत गेलेल्या कितीतरी खलाशांनी पहिले धडे याच चौकोनी तोंडाच्या होडीत गिरवले.

दुसरी गोष्ट शिवणीची. ही वाचून मी खुर्चीतून उठलेच. होडी म्हटली की आधी सांगाडा, मग त्यावर फळ्या, हे आपण किनाऱ्यावर बघतो. तो सांगाडा नीट घालायला अनुभवी सुताराचा डोळा लागतो. मिररमध्ये तसा सांगाडा नाही. कापलेल्या तक्त्यांच्या कडांना बारीक भोकं पाडायची, तांब्याच्या तारेने ते एकमेकांना शिवायचे, तारेला पीळ देऊन घट्ट करायचं. होडीचा आकार आपोआप उभा राहतो. मग सांध्यांवर काचतंतूंची पट्टी रेझिनमध्ये भिजवून चिकटवायची. ती वाळली की बाहेर आलेली तार कापून टाकायची.

माझ्या भगिनींनो, हा धावदोरा आहे! ब्लाउज शिवताना आपण आधी कच्चे टाके घालतो, बाही नीट बसली का बघतो, मग पक्की शिलाई मारतो आणि धावदोरा उसवतो. मी शाळेत मराठी शिकवलं, पण शिवणाच्या बाई रजेवर असल्या की तो तासही माझ्याकडे यायचा. त्या तासाला मुली जे शिकल्या त्यात होडी बांधण्याची निम्मी विद्या होती, हे मला सत्तरी उलटल्यावर कळलं.

आणि होडी शिवणं आपल्याला नवं थोडंच आहे? आपल्या किनाऱ्यावर फळ्या काथ्याने शिवून गलबतं बांधत असत. त्याच पद्धतीने गोव्यात बांधलेलं कौंडिण्य हे जहाज २०२५ मध्ये नौदलात दाखल झालं. फरक एवढाच की तिथे टाका हाच जहाजाचा जीव, आणि मिररमध्ये टाका कच्चा, जीव त्यावरच्या पट्टीत. पण हाताला कळणारी गोष्ट एकच.

तिसरं, डोलकाठी. मिररची डोलकाठी दोन तुकड्यांत आहे. खालची आखूड काठी उभी करायची, आणि शिडाला बांधलेली दुसरी काठी दोरीने तिच्या वर सरकत चढवायची. शीड वर गेलं की दोन्ही मिळून एक उंच काठी होते. उतरवलं की सगळ्या काठ्या होडीच्या पोटात मावतात. एकच उंच काठी अधिक कार्यक्षम, हे मान्य. पण उंच काठी ठेवायला क्लबात जागा भाड्याने घ्यावी लागते. दोन तुकड्यांची काठी घरी गॅरेजात राहते आणि गाडीच्या टपावरून जाते. ज्याच्यापाशी क्लबाच्या वर्गणीचे पैसे नाहीत त्याच्यासाठी हा फरक वेगापेक्षा मोठा आहे.

याच काठीच्या बळावर एक शाळामास्तर, सँडी मॅकिनन त्यांचं नाव, १९९७ मध्ये वेल्सच्या सीमेवरच्या आपल्या शाळेजवळून मिररमध्ये बसून निघाले आणि नद्या-कालवे ओलांडत पुढच्या वर्षी थेट काळ्या समुद्राला जाऊन पोचले. पूल आला की काठी खाली, पूल गेला की वर. त्यावर त्यांनी पुस्तकही लिहिलं आहे. शाळामास्तर आहेत म्हणून मला जरा जास्तच अभिमान, हे कबूल करते.

आता भाऊजींची आणि त्या क्लबातल्या गृहस्थांची बाजू. ती पोकळ नाही. मिरर हळू आहे. लाटा आखूड आणि उभ्या असल्या की ते सपाट तोंड पाण्यावर थपडा खातं, वाऱ्याच्या तोंडावर चढताना तर फारच. प्लायवुड कुजतं. आम्ही जी जुनी होडी घेतली तिच्या पुढच्या कप्प्याच्या कोपऱ्यात पावसाचं पाणी साचून लाकूड काळं पडलं होतं. मुलाने स्क्रूड्रायव्हर टोचला तर तो लोण्यात जावा तसा आत गेला. सूनबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. आणि आज नवं चांगलं प्लायवुड, रेझिन, शिडं, सगळं विकत आणून घरी बांधायला बसलात तर स्वस्त पडेलच असं नाही. फायबरग्लासची होडी कुजत नाही, धुतली की झालं.

हे सगळं खरं. तरी माझं म्हणणं बदलत नाही. कारण सांगते.

आमचा मुलगा संगणकावर काम करतो. त्याने उभ्या आयुष्यात करवत हातात धरली नव्हती; लहानपणी खिळा ठोकायचा तर यांना हाक मारायचा. त्या कुजक्या कोपऱ्यासाठी त्याने जुनी पुस्तिका काढली, काळं लाकूड कापलं, पुठ्ठ्याचा नमुना केला, त्यावरून नवा तुकडा कापला. पहिला चुकला. दुसराही चुकला. तिसरा बसला. नात सँडपेपर घासत होती, मी बॅटरी धरून उभी. आठ शनिवार गेले. त्या आठ शनिवारांत बापलेक जेवढं बोलले तेवढं आधीच्या वर्षभरात बोलले नसतील. फायबरच्या होडीला भोक पडतं तेव्हा तीही दुरुस्त होते, नाही असं नाही. पण आपल्यासारखी माणसं कारागिराला फोन करतात. मिररला काय झालंय हे अकरा वर्षांच्या मुलीला दिसतं, आणि ते कसं बरं करायचं हेही.

मग होडी पाण्यात गेली. दुसऱ्याच रविवारी वाऱ्याचा एक झोत आला आणि माझ्या डोळ्यांदेखत आडवी झाली. लाल शीड पाण्यावर पसरलं. नात दिसेना. किती वेळ दिसेना? मुलगा म्हणतो तीन-चार सेकंद. माझ्या हिशोबात ते सेकंद नव्हते. मग शिडाच्या कडेने तिचं डोकं वर आलं, अंगात तरंगतं जाकीट होतंच. बाप त्या खाली सरकवायच्या फळीवर चढून वाकला, होडी उठली, आणि दोघं आत चढून बादलीने पाणी उपसू लागली. बचाव-बोट जवळ येऊन थांबली होती, तिला काही करावं लागलं नाही. होडी बुडाली नाही, कारण होल्टने पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंना हवाबंद कप्पे ठेवले आहेत. त्यातला पुढचा कप्पा त्या पोरीने स्वतः घासला होता, त्याचा सांधा बापाने बंद केला होता. किनाऱ्याला आल्यावर ती थरथरत होती, ओठ निळे, आणि पहिलं वाक्य काय, तर "आजी, आपला कोपरा कोरडा आहे!"

भाऊजी, तुम्ही म्हणता ती धड होडीही तरंगली असती. नक्की तरंगली असती. पण हे वाक्य तिने म्हटलं नसतं.

माझा राग होड्यांवर नाहीच. लेझर घ्या. ब्रूस कर्बीने काढलेली ही एकट्याने चालवायची होडी १९७१ मध्ये बाजारात आली आणि १९९६ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. आता तिला इल्का म्हणतात. देखणी, चपळ, साधी. पण स्पर्धेची इल्का कुणाला घरी बांधता येत नाही. मान्यताप्राप्त कारखान्यातून विकतच घ्यावी लागते, म्हणजे सगळ्यांच्या होड्या सारख्या राहतात. स्पर्धेला तो न्याय बरोबर आहे. माझा राग आहे तो हाच न्याय सगळीकडे लावण्यावर. पन्नास डॉलरांत बापलेकांनी बांधायची म्हणून निघालेली ऑप्टिमिस्ट आज स्पर्धेत बघा, साच्यातून काढलेली फायबरग्लासची. मिररच्या नियमांतही पुढे फायबरग्लासला वाट मिळाली आणि एकसंध उंच काठीही चालू लागली. स्पर्धा करणाऱ्या मंडळींनी स्पर्धेपुरतं पाहिलं, त्यात त्यांचा दोष किती, मला सांगता येणार नाही. पण प्रत्येक सुधारणेनंतर गॅरेजातला तो माणूस थोडा थोडा बाहेर ढकलला गेला. होडी सुधारली आणि ज्याच्यासाठी ती काढली तोच बाद झाला, याला सुधारणा म्हणायला माझी जीभ वळत नाही.

शाळेत मी हेच बघितलं. निकाल वाढावा म्हणून आधी शिवणाचा तास गेला, मग सुतारकामाची खोली कुलपात गेली, मग ती खोली संगणकाला दिली. प्रत्येक वेळी कारण रास्त होतं. आणि शेवटी दहावीला नव्वद टक्के मिळवणारी मुलं बाकाचा सुटलेला खिळा बघून शिपायाला हाक मारू लागली. माझा मुलगा त्यांतलाच एक. म्हणून दुसऱ्या कुणाला दोष देताना मी जरा जपूनच देते.

"खोकी काही जिंकत नाहीत" असं कुणी म्हणेल, त्यासाठी एक आठवण. १९८२ च्या आशियाई खेळांत शिडाच्या होड्यांच्या शर्यती आपल्या मुंबईला झाल्या. फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल या प्रकारात भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं. फायरबॉल ही पीटर मिल्नने १९६२ मध्येच काढलेली होडी. सपाट तक्त्यांची, प्लायवुडमध्ये घरी बांधता यावी अशी आखलेली, आणि बोथट तोंडाची! भाऊजी, फोटो शोधून बघा.

आपल्याला एवढा समुद्रकिनारा आहे, धरणं आहेत, तलाव आहेत. किनाऱ्यावरच्या गावांत अजून होड्यांची कामं करणारे सुतार आहेत, प्लायवुड तर तालुक्याला मिळतं. तरी शिडाची होडी चालवणं म्हटलं की आपल्याला सैन्यदलं आठवतात नाहीतर बड्या लोकांचे क्लब. मिरर जशीच्या तशी इथे आणा असं मी म्हणत नाही. होल्ट आणि बकनेल यांनी जो प्रश्न विचारला तो इथे कुणीतरी विचारावा. आपल्या सुताराला, आपल्या शाळेला, आपल्या वाऱ्याला जमेल अशी, दहा-अकरा फुटांची, दोन पोरांची होडी कशी असेल? ती जगातली सगळ्यात वेगवान नसली तर बिघडत नाही. तिचं तोंड चौकोनी निघालं तरी चालेल. अभियांत्रिकीची मुलं वर्षाच्या शेवटी प्रकल्प करतात, त्यातल्या एखाद्या गटाने हे घ्यावं. जीवरक्षक जाकिटं आणि पोहणं आधी, हे सांगायला नकोच.

असो. बोलता बोलता फार झालं. भाऊजी, डिसेंबरात मुलगा-सून-नात येत आहेत. नातीने त्या होडीचा पुठ्ठ्याचा नमुना करून आणायचं ठरवलंय, तुम्हाला जोडून दाखवायला. सुई-दोरा मी देणार आहे. कच्चे टाके तुम्ही घालायचे, आणि तोंड चौकोनी का, हे तिच्याकडून समजून घ्यायचं. मग पुन्हा खोकं म्हणा, मी काही बोलणार नाही.